कर नाही त्याला डर कशाला?

आडनाव हा माणसाच्या अंगावरचा असा एकच कपडा आहे, की जो शिवताना कोणी आपलं माप घेतलेलं नसतं. खापरपणजोबांच्या मापाचा तो अंगरखा आपल्याला जन्मतःच चढवतात. तो आखूड असो, ढगळ असो, मुकाट्याने मिरवायचा. कुणी 'वाघमारे' असतात आणि झुरळ दिसलं की खुर्चीवर चढतात. कुणी 'गोरे' असतात आणि आषाढातल्या ढगाशी रंगाने स्पर्धा करतात. माझं आडनाव दिवेकर. मी राहतो यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावात. नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावर करंजीला वणीकडे वळलात, की कापसाच्या शेतांमधून रस्ता आमच्या गावाला येतो. या गावात 'दिवेकर' म्हणजे काय, याचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या गरजेप्रमाणे लावलेला आहे. उन्हाळ्यात रात्री वीज गेली, की गल्लीतून हमखास हाक येते, "काहो दिवेकर सर, तुमीच असे अंधारात बसाल तं आमी कोनाकडे पाहाव जी?"

वास्तविक या आडनावाचा दिव्याशी काडीइतकाही संबंध नाही. रायगड जिल्ह्यात समुद्रकाठी दिवेआगर नावाचं गाव आहे. आगर म्हणजे नारळी-पोफळीची वाडी. तिथले ते दिवेकर. शके ९८२ चा एक मराठी ताम्रपट या गावात सापडला. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. एवढं थोर गाव मी पाहिलेलं नाही. माझ्या वडिलांनीही पाहिलं नव्हतं. समुद्र आणि आमच्यामध्ये अख्खा महाराष्ट्र आडवा पडला आहे. तरीपण नावाच्या शेपटीला ते गाव बांधून मी गेली चाळीस वर्षं काळ्या मातीत वावरतो आहे.

या चाळीस वर्षांत मी एक सिद्धान्त काढला. त्याला अजून कुठल्या विद्यापीठाने डॉक्टरेट दिलेली नाही, पण तो पक्का आहे. तो असा, की गावात राहणाऱ्याला गावाचं आडनाव मिळत नाही, गाव सोडलं की मिळतं. मारेगावात मारेगावकर शोधून सापडायचा नाही. इथे सगळेच मारेगावचे, मग कोण कोणाला मारेगावकर म्हणणार? मारेगावकर भेटायचाच तर तो नागपुरात किंवा पुण्यात भेटेल. 'कर' हा प्रत्यय म्हणजे गाव सुटल्याची पावती आहे. आमच्या भागात तेच काम पुष्कळदा 'वार' करतो. मुनगंटीवार, वडेट्टीवार अशी जी आडनावं तुम्ही वर्तमानपत्रात वाचता, त्यांतला 'वार' तेलुगूतल्या 'वारु'चा भाऊबंद मानतात. 'वारु' म्हणजे अमक्याची माणसं, तमक्याकडची मंडळी. म्हणजे एका टोकाला कोकणातला 'कर', दुसऱ्या टोकाला तेलंगणातून आलेला 'वार' आणि मध्ये आपण सगळे कुठून तरी कुठे तरी आलेले.

या सिद्धान्ताचा सर्वांत बळकट पुरावा मला मुंबईत मिळाला, आणि तोही अशा घराण्याचा, की जे आमच्या भाऊबंदकीत बसवायचं म्हटलं तर आमच्या कुलवृत्तान्ताच्या संपादकांना घाम फुटेल. मशीद बंदर स्टेशनजवळ सॅम्युएल स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तिथे यहुदी लोकांचं प्रार्थनामंदिर आहे. त्याचं हिब्रू नाव 'शाआर हारहामीम', म्हणजे दयेचं द्वार. मुंबईतलं हे पहिलं सिनेगॉग १७९६ साली उभं राहिलं आणि १८६० साली आताच्या जागी आलं. लोक त्याला जुनी मशीद म्हणत, आणि मशीद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. ते बांधणाऱ्या गृहस्थांचं नाव होतं सॅम्युएल इझिकेल. पण मराठी मुलखात त्यांना त्या नावाने कोण ओळखणार? ते होते सामाजी हसाजी दिवेकर!

आता सांगा, सामाजी हसाजी दिवेकर हे नाव ऐकून डोळ्यांसमोर कोण उभं राहतं? डोक्याला पागोटं, कमरेला तलवार, मिशीला पीळ. यहुदी मनात तरी येतो का? सामाजींच्या कमरेला तलवार मात्र खरोखरच होती. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी होते. १७८० ते १७८४ च्या म्हैसूरच्या दुसऱ्या लढाईत ते टिपूच्या हाती सापडले. पुढची कथा अशी सांगतात, की टिपूने कैद्यांना जात विचारली आणि यांनी उत्तर दिलं, "बेने इस्राएल." ते ऐकून टिपूची आई म्हणाली, हे नाव तर कुराणात आहे, यांना मारू नका. सुटलो तर मंदिर बांधीन, असा नवस सामाजी बोलले होते. तो त्यांनी फेडला आणि त्या मंदिरासाठी धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या आणायला कोचीनला गेले असता तिथेच वारले. आडनावाने जीव वाचवल्याची उदाहरणं इतिहासात फार थोडी. इथे तर आडनाव नव्हे, जमातीचं नाव कामी आलं. टिपूपुढे ते नुसतेच "दिवेकर" म्हणाले असते, तर त्यांनाही दिवे लावायच्याच कामावर ठेवलं असतं.

बेने इस्राएल म्हणजे इस्राएलची मुलं. यांची मूळ कथा कोकणातल्या समुद्राइतकीच जुनी वाटते. कोणे एके काळी अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बाकीच्यांची प्रेतं नवगावात पुरली. त्या सात जोडप्यांचा विस्तार म्हणजे ही जमात. चौदाचा आकडा ऐकून तुमचेही कान टवकारले असतील. कारण चित्पावनांच्या कथेतही समुद्रातून वाहून आलेले चौदाच आहेत. परशुरामाने त्यांना जिवंत केलं म्हणतात. एकाच किनाऱ्यावर दोनदा चौदा माणसं यावीत, हा योगायोग, की एका कथेने दुसरीची वही उतरवली, यावर विद्वान भांडोत. माझ्यासारख्या दिवेकराची मात्र त्यामुळे चांगलीच पंचाईत होते. दिवेकर चित्पावनांतही आहेत आणि बेने इस्राएलांतही. समुद्राने दोन्हीकडचे चौदा चौदा मोजून दिले आणि दिवेआगराने दोघांना एकच आडनाव दिलं. गावाला जातपात कळत नाही. ते आपलं नाव कुणालाही देतं.

वाचलेल्या लोकांजवळ पोथ्या राहिल्या नाहीत. त्यांनी तेलाचे घाणे घातले, शेती केली, भाषा मराठी घेतली, लुगडी नेसली. मात्र शनिवारी घाणा बंद! म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली. म्हणजे धर्माचा सगळा शोध आमच्या लोकांनी सुटीच्या वारावरून लावला होता. शिवाय त्यांनी आठव्या दिवशी मुलाची सुंता करण्याची चाल राखली आणि 'शेमा इस्राएल' ही प्रार्थना तोंडपाठ ठेवली. पुढे डेव्हिड रहाबी नावाचा कोणी यहुदी तिथे आला. त्याने परीक्षा म्हणून बायकांपुढे निरनिराळी मासळी टाकली. त्यांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे वेगळे काढले आणि बाकीच्यांना हात लावला नाही. यहुदी धर्मात नेमके तेच खायची मुभा. रहाबीने ओळखलं, हे आपलेच. मला या कथेतलं सर्वांत आवडतं ते हे, की परीक्षेला पुरुषांना बसवलं नाही. घरातला धर्म कुठल्या डब्यात ठेवलेला असतो हे त्या माणसाला बरोबर ठाऊक होतं. नंतर त्याने तीन घराण्यांतल्या माणसांना शिकवून काजी नेमलं. ती घराणी झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर. पाहा, धर्मगुरूसुद्धा 'कर'च!

ही आडनावं एकापुढे एक म्हणत गेलं, तर मांडव्याहून सुटलेल्या एस. टी.चा कंडक्टर थांबे पुकारतो आहे असं वाटतं. झिराडकर, किहीमकर, थळकर, नवगावकर, चेऊलकर, रोहेकर, अष्टमकर, पेणकर, तळकर, राजपूरकर, दिवेकर. अशी शंभराहून अधिक आडनावं आहेत. या लोकांचा नकाशा हरवला, तरी लग्नपत्रिका गोळा करून जुना कुलाबा जिल्हा पुन्हा काढता येईल. माझा सिद्धान्तही इथे नेमका लागू पडतो. किहीममध्ये राहत होते तोवर त्यांना किहीमकर म्हणायची गरज नव्हती. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात मंडळी कंपनीच्या पलटणीत, गोदीत, कचेऱ्यांत कामाला म्हणून मुंबईला आली, आणि मस्टरवर आबाजी दहा निघाले. मग कुठले आबाजी? किहीमचे? लिहा किहीमकर.

आबाजी म्हणजे मूळचा अब्राहम, बरं का! सॅम्युएलचा सामाजी झाला, इझिकेलचा हसाजी, आयझॅकचा इसाजी, बेंजामिनचा बन्नाजी. जुन्या करारातले सगळे प्रेषित कोकणात उतरले आणि त्यांना 'जी' लावून आम्ही पाटावर बसवलं. पुढे इंग्रजी शाळा आल्या आणि गाडी उलटी फिरली. सामाजीचा पुन्हा सॅम्युएल झाला, आणि बापाचं नाव हेच आडनाव म्हणून वापरायची पद्धत पडली. 'कर' घरी ठेवून मंडळी बाहेर पडू लागली. मुंबईत महालक्ष्मीहून वरळीकडे जाणारा डॉ. ई. मोझेस रोड तुम्हाला ठाऊक असेल. हे मोझेस म्हणजे १९३७ साली मुंबईचे महापौर झालेले डॉक्टर एलिजा मोझेस राजपूरकर. 'राजपूरकर मार्ग' अशी पाटी असती, तर रोज तिथून जाणाऱ्या लाखो मराठी माणसांतल्या निम्म्यांनी तरी त्यांच्याशी नातं काढलं असतं. 'बूट पॉलिश'मधले जॉनचाचा, नट डेव्हिड, हे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, म्हणजे सरळ सरळ चौलचे. डॉक्टर जेरुशा झिराड यांना १९६६ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या घराण्याने गाव ठेवलं आणि 'कर' तेवढा गाळला. उलट हाईम सॅम्युएल किहीमकरांनी 'कर' घट्ट धरला, १८७५ साली मुंबईत आपल्या जमातीची शाळा काढली आणि जमातीचा पहिला मोठा इतिहास लिहिला. १८९७ साली हातावेगळा झालेला तो ग्रंथ छापून निघाला १९३७ साली, तोही तेल अवीवला. लेखक तेव्हा हयात नव्हते. प्रकाशकांच्या दिरंगाईबद्दल कुरकुरणाऱ्या माझ्या लेखकमित्रांनी ही चाळीस वर्षं लक्षात ठेवावीत. आणि एका एरुळकरांची मुलगी लीला हिने तर लंडनमध्ये ग्लाफकोस क्लेरिदिस नावाच्या तरुणाशी लग्न केलं. ते गृहस्थ १९९३ ते २००३ सायप्रसचे राष्ट्राध्यक्ष होते. म्हणजे दहा वर्षं सायप्रसच्या राष्ट्राध्यक्षांची सासुरवाडी एरुळकरांकडे होती आणि आम्हाला त्याची वार्ता नव्हती!

तिकडे युरोपातल्या यहुद्यांची आडनावाची कहाणी निराळी. त्यांच्यात पिढ्यानपिढ्या अमक्याचा मुलगा तमका एवढ्यावर भागत होतं. पण सरकारला असं भागलेलं कधीच चालत नाही. कर घ्यायचा, सैन्यात भरती करायची, तर माणूस नोंदवहीत सापडला पाहिजे. ऑस्ट्रियाच्या दुसऱ्या जोसेफ बादशहाने १७८७ साली हुकूम काढला, की सर्व यहुद्यांनी कायमची जर्मन आडनावं घेतलीच पाहिजेत. १८०८ साली नेपोलियननेही तेच केलं. एखाद्या सोमवारी अख्ख्या गावाने कचेरीपुढे रांग लावून आडनावं घेतल्याचं चित्र डोळ्यांसमोर आणा. साहेब जेवायला गेलेत, फॉर्म संपलेत, आणि बायको बजावते आहे, काहीतरी बरंसं घेऊन या हो! कारकुनाचा हात ओला केला तर रोझेनथाल, म्हणजे गुलाबांचं खोरं, नाहीतर काहीतरी ओंगळ नाव मिळे, असंही सांगतात. अभ्यासकांच्या मते या गोष्टीला फोडणी जरा जास्तच बसली आहे. पण बाकीची नावं पाहिली, तर परकी वाटतच नाहीत. श्वार्ट्झ म्हणजे काळे. वाइस म्हणजे पांढरे. क्लाइन म्हणजे लहाने. श्नायडर म्हणजे शिंपी. गोल्डश्मिट म्हणजे सोनार. रॉथशिल्ड म्हणजे तांबडी ढाल. फ्रँकफुर्टच्या यहुदी गल्लीत त्यांच्या पूर्वजांच्या एका घरावर तशी खूण होती. आणि आपला 'कर' तर तिथे जागोजाग आहे. जर्मन भाषेत तो 'अर' होतो. फ्रँकफुर्टर म्हणजे फ्रँकफुर्टकर. अणुबाँबवाले ओपेनहाइमर हे ऱ्हाइनकाठच्या ओपेनहाइमचे, तेव्हा ते ओपेनहाइमकर. रशिया-पोलंडात तोच 'स्की' होतो. वर्शाव्स्की म्हणजे वॉर्सॉकर. जगभर सगळीकडे माणसाला निघालेलं गावच चिकटलेलं आहे.

काही आडनावं मात्र गावाची नसून कुळाची आहेत. कोहेन म्हणजे पुरोहित. लेवी म्हणजे मंदिरातले सेवेकरी. काट्झ हे दोन हिब्रू शब्दांची आद्याक्षरं जोडून झालेलं नाव. त्याचा अर्थ सत्त्वशील पुरोहित, पण जर्मन ऐकणाऱ्याला ते मांजर वाटतं. आमच्या दिव्यासारखीच गत. गंमत म्हणजे बेने इस्राएलांत कोहेनही नाहीत आणि लेवीही नाहीत. जगातल्या यहुद्यांची जी ओळखीची नावं, त्यांतलं एकही यांच्यापाशी नव्हतं. होता तो फक्त 'कर'.

आणि इथेच गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहत नाही. १९४८ साली इस्राएल देश झाला. वीसेक हजारांच्या या जमातीतले बहुतेक लोक हळूहळू तिकडे गेले. दोन हजार वर्षं ज्या देशाकडे तोंड करून प्रार्थना केली, तो देश एकदाचा आला. मंडळींनी बोचकी सोडली, आणि १९६२ साली तिथल्या धर्मपीठाने फर्मान काढलं, की बेने इस्राएलांपैकी कोणाचं लग्न दुसऱ्या यहुद्याशी लावायचं असेल, तर आधी त्याच्या आईची, आजीची, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा. हे खरंच यहुदी आहेत की नाहीत, याचा पुरावा हवा.

पणजोबांचा दाखला आणा, असं सांगणाऱ्या खिडकीपुढे जो कधी उभा राहिला आहे, त्याला हे दुःख समजावून सांगावं लागणार नाही. माझ्या शाळेतल्या कितीतरी मुलांचे बाप कापडी पिशवीत जीर्ण कागद घेऊन अशा खिडक्यांपुढे उभे राहिलेले मी पाहिले आहेत. जंगलात जन्मलेल्या आजोबांची जन्मनोंद कुठून आणायची? आणि गलबत फुटलेल्या माणसाने दाखला कुठून आणायचा? कोकणात त्यांना कोणी कधी पुरावा मागितला नव्हता. शनिवारी घाणा बंद असतो, एवढा दाखला गावाला पुरला होता. 'कर नाही त्याला डर कशाला' ही म्हण आम्ही मुलांना शिकवतो. या बिचाऱ्यांनी काही केलं नव्हतं आणि तरी त्यांना डर बाळगायची पाळी आली, तीसुद्धा स्वतःच्या घरात.

पण ही माणसं मराठी मुलखात वाढलेली होती. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. सत्याग्रहाचा हा पाठ ती इथूनच घेऊन गेली असणार. सरकारला मध्ये पडावं लागलं, बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी आहेत असं जाहीर झालं आणि त्याच वर्षी ते फर्मान बदललं. पुढे २०१६ साली एक जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात या लोकांच्या रक्तात यहुदी आणि भारतीय असे दोन्ही वाटे असल्याचं दिसून आलं. मासे निवडणाऱ्या त्या बायकांनी ही तपासणी केव्हाच करून दिली होती, तीही प्रयोगशाळेशिवाय.

इस्राएलमध्ये आडनाव बदलून हिब्रू घेण्याची मोठी लाट होती. खुद्द पंतप्रधान बेन गुरियन हे मूळचे ग्र्यून. गोल्डा मेयर या आधी मेयरसन होत्या. कोणी नावं ठेवायच्या आत नाव बदलून मोकळं व्हायचा तो सोपा रस्ता होता. पुष्कळ बेने इस्राएलांनी मात्र तो धरला नाही. ज्या 'कर'मुळे परकेपणा उघडा पडत होता, तो त्यांनी तसाच ठेवला. आज तिथे अश्दोदला, दिमोनाला, लोदला पेणकर आहेत, नवगावकर आहेत. मलिद्याच्या ताटात पोहे, गूळ, खोबरं आणि फळं आहेत. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही तिथून निघालं.

इकडे भारतात आता चार-पाच हजार उरले आहेत. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. इतक्या अल्प संख्येला तो दर्जा द्यायला आपल्याला २०१६ उजाडावं लागलं! अलिबागच्या इस्राएल आळीत १८४८ साली स्थापन झालेलं सिनेगॉग अजून आहे, आळीचं नावही आहे. आळीतल्या माणसांची संख्या मात्र बोटांवर आली आहे. यहुदी नसलेले चौलकर चौलला भेटतील, पण चेऊलकर मात्र पाहायचे तर आता समुद्र ओलांडावा लागेल. गाव सोडलं की आडनाव मिळतं, या माझ्या सिद्धान्ताचा हा शेवटचा आणि जरा जड पुरावा आहे. सगळेच गेले, की गाव तेवढं गावात राहतं आणि त्याचं नाव दुसऱ्या देशातल्या दारांवर लागतं.

माझा नातू बंगलोरला असतो. आडनाव फार लांब आहे, संगणकाच्या रकान्यात मावत नाही, म्हणून ते नुसतं 'दिवे' करावं असा त्याचा विचार आहे. मी त्याला म्हटलं, बाबा रे, रकान्यात न मावणारी माणसं सरकारांनी यापूर्वीही पुष्कळ पाहिली आहेत. रकाना वाढवून घे. दिमोनाच्या वाळवंटात कुणी दिवेकर असेल, तर त्याच्या पोरालाही असंच वाटत असणार. त्यानेही दिवेआगर पाहिलेलं नाही, तूही नाहीस, मीही नाही. तिघांनी मिळून एकदा जाऊन येऊ. तोवर 'कर' राहू दे. नाहीतर तिथल्या लोकांनी "कोणाकडे जायचंय?" म्हणून विचारलं, तर आपण काय सांगणार?